हिरव्या मेजाचे उत्तरायुष्य

वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्यांच्या जन्माची चौकशी करतो, मृत्यूची क्वचितच. अमुक वस्तू कोणी प्रथम घडवली याच्या नोंदी सापडतात. ती निरुपयोगी झाल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न मात्र भंगारवाल्याच्या दारात सोडून दिला जातो. बिलियर्ड्‌सच्या मेजाबाबत तो असा सोडून देता येत नाही, कारण हे मेज सहजासहजी टाकताच येत नाही. पूलची मेजे त्या मानाने लहान असतात. पण बिलियर्ड्‌स आणि स्नूकर ज्यावर खेळतात ते इंग्रजी धाटणीचे पूर्ण मेज सुमारे बारा फूट लांब व सहा फूट रुंद, आठ पायांवर उभे आणि वजनाला टनाहून अधिक असते. जिन्यावरून ते अखंड उतरत नाही. टाकण्यापूर्वी ते सुटे करावे लागते, आणि आमच्या मते त्याचा इतिहास वाचता येतो तो या सुटे होण्यातच.

सर्वांत आधी जाते ती वरची हिरवी बनात. ती लोकरीची असते आणि खेळ चालू असतानाही काही वर्षांनी बदलावीच लागते. तिच्या उत्तरायुष्याची सर्वांत करुण कथा स्कॉटलंडच्या मेरी राणीची आहे. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फॉदरिंगे येथे तिचा शिरच्छेद झाल्यावर तिच्याच बिलियर्ड्‌स मेजावरचे कापड ओरबाडून त्यात तिचा देह गुंडाळला, असे सांगितले जाते. बंदिवासातील विरंगुळ्याचे कापड अखेरीस कफन झाले.

चेंडूंचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तम चेंडू हस्तिदंताचे असत आणि एका सुळ्यातून ते मोजकेच निघत. हवामानाने त्यांचा गोलवा बिघडे; मग कातारी ते पुन्हा चरकावर धरी आणि चेंडू आणखी लहान होई. हस्तिदंत इतका महाग झाला, की न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या मेजे बनवणाऱ्या व्यवसायाने पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट यांच्या ज्या प्रयोगांतून १८७० चे सेल्युलॉइडचे पेटंट निघाले, त्यांची प्रेरणा हीच. प्लास्टिकयुगाची एक वाट अशी या मेजावरून गेली. आज मात्र ते जुने हस्तिदंती चेंडू सहज विकताही येत नाहीत. १९८९ साली आफ्रिकी हत्तींच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. ब्रिटनने २०१८ साली स्वतंत्र कायदा केला. ज्या हत्तींची गणती कोणी ठेवली नाही, त्यांची आठवण अशी कायद्याच्या रूपाने उशिरा परतली.

लाकडाचे नशीब त्या मानाने बरे. महोगनीच्या चौकटीतून लिहिण्याची वा जेवणाची मेजे होतात. कातीव पाय दुसऱ्या फर्निचरला लागतात. शेवटी उरतो दगड. पूर्वी मेजाचा तळ फळ्यांचा असे आणि दमट हवेत तो वाकडा होई. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी सुमारे १८२६ पासून तेथे पाटीच्या दगडाच्या शिळा बसवल्या. आंध्रातील मार्कापूरच्या खाणींनी पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी पाट्या पुरवल्या, त्याच जातीचा हा पाषाण. मेज मोडल्यावर या शिळा बागेतील पायवाट होतात, चुलाण्याचा ओटा होतात, पायरी होतात. त्यांवरून चालणाऱ्याला खाली कोणता खेळ गाडला गेला आहे याचा पत्ता नसतो.

परंतु मेज निरुपयोगी झाले म्हणजे नेमके काय झाले? व्यावसायिक बिलियर्ड्‌सची जागतिक स्पर्धा १९३४ नंतर थेट १९५१ पर्यंत झाली नाही. तरी मेजे मोडली गेली नाहीत, कारण १९२७ साली जो डेव्हिस यांनी स्नूकरची पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा भरवून जिंकली होती आणि त्या खेळाला हेच मेज, हेच खिसे चालत होते. एका खेळाचे ओसरणे दुसऱ्याने सावरले.

आणि हा दुसरा खेळ जन्मला होता हिंदुस्थानात. जबलपूरच्या छावणीत १८७५ साली आपण तो सुरू केला, असे नेव्हिल चेंबरलेन यांनी सांगितले. पण केव्हा, तर १९३८ साली, ‘द फील्ड’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात. मधे त्रेसष्ट वर्षे गेली होती. पुरावा म्हणून पुढे आले ते मेज नव्हे, म्हाताऱ्या माणसाची आठवण. ज्या मेजांभोवती अशा आठवणी घडल्या ती राज्यकर्त्यांच्या फावल्या वेळेसाठी आणलेली होती. पुढे १९५८ साली कलकत्त्यात पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्‌सचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या हिरव्या मेजाचा वारसाही बदलला.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे एक गोष्ट जवळची वाटावी. लंडनच्या लेस्टर चौकातील थर्स्टनचे सभागृह ऑक्टोबर १९४० मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झाले. पुढे ते नव्या नावाने उभे राहिले आणि १९५५ साली कायमचे मिटले. जे. बी. प्रीस्टली यांनी त्यावर लिहिलेला निबंध मात्र शिल्लक आहे. त्याहून मोलाची वाटते ती १८५५ साली प्रसिद्ध झालेली टॉलस्टॉय यांची कथा. जुगारात बुडत गेलेल्या तरुण सरदाराची कहाणी तेथे सांगतो कोण? गुण मोजणारा मार्कर. हाच शब्द आपल्याकडील क्लबांतही रुळला. चेंडू पुसणारा, बनात झाडणारा, हिशेब ठेवणारा हा माणूस. मेजाभोवतीचे सगळे त्यालाच दिसते, आणि बोलायला मात्र त्याला कोणी सांगत नाही. टॉलस्टॉय यांनी त्याला बोलते केले.

संग्रहालये मेज जपतात ते बहुधा धन्याच्या नावासाठी. उरलेली असंख्य मेजे दगड, लाकूड, चिंध्या होऊन निनावी नांदत राहतात, आणि त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. वस्तू उपयोगाला आली हे चांगलेच झाले. दगड टिकण्यास कोणाची मदत लागत नाही. मार्करची आठवण तशी टिकत नाही. एखादा जुना क्लब आपले मेज मोडीत काढतो तेव्हा त्याच्या पगाराच्या आणि गुणांच्या वह्याही रद्दीत निघतात. अभ्यासकांनी धाव घ्यायची तर ती या वह्यांकडे घ्यावी.