दारू, व्याख्या आणि टिळकांचे पोस्टकार्ड

गोव्यात 'दारू' म्हटले की डोळ्यांपुढे आधी बाटली येते. पण जत्रेतल्या दारूकामाची आणि फेस्ताला उडणाऱ्या गरनाळांची दारू वेगळी. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन साध्या वस्तूंची ती काळी पूड. रायबंदर आणि जुने गोवे यांच्यामध्ये, पणेलीला, पोर्तुगीज सरकारचा ही दारू तयार करण्याचा कारखाना होता. त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून, १७५९ साली पणजीला हलेपर्यंत, व्हाइसरॉय राहत असत. दारू आणि सत्ता यांचा शेजार असा जुना आहे.

मी सरकारी कचेरीतला कारकून. कायदा हाती आला की शिक्षेचे कलम मी नंतर पाहतो, आधी व्याख्या वाचतो. खरी मेख तिथेच मारलेली असते. स्फोटकांचे आपल्याकडचे दोन जुने कायदे शेजारी ठेवून वाचले की हे चांगले कळते.

पहिला १८८४ चा. त्याच्या दहा वर्षे आधी, ऑक्टोबर १८७४ मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कजवळ कालव्यातून दारू नेणाऱ्या नावेचा स्फोट झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्फोटकांचा कायदा झाला आणि हिंदुस्थानातला कायदा त्याच वळणावर बेतला गेला. त्याला काळजी अपघाताची. दारू कोण बनवतो, कुठे साठवतो, कशी नेतो, परवाना आहे का, एवढेच तो विचारतो.

दुसरा १९०८ चा, आणि त्याची जात निराळी. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला किंग्जफोर्डसाठी टाकलेल्या बाँबने दोन निरपराध स्त्रियांचा बळी घेतला. सहा आठवड्यांच्या आत, ८ जूनला, स्फोटक पदार्थांचा कायदा मंजूर झाला. त्याच दिवशी वृत्तपत्रांविरुद्धचाही एक कायदा आला. या स्फोटकांच्या कायद्याच्या व्याख्येत स्फोटक तयार करण्याचे साहित्यही 'स्फोटक' ठरले. शिवाय संशयास्पद परिस्थितीत ते कोणाजवळ सापडले, तर आपला हेतू कायदेशीर होता हे त्यानेच दाखवायचे! पहिला कायदा कोठाराची कडी तपासतो, दुसरा माणसाच्या मनाची.

दुसऱ्याच दिवशी, ९ जूनला, 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि पुण्यातल्या घराच्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. सरकार पक्षाने ते कार्ड कोर्टात पुढे केले. टिळकांचा खुलासा साधा होता: नव्या कायद्यातल्या स्फोटकाच्या व्याख्येवर टीका करायची, म्हणून पुस्तके पाहायची होती. वाचकहो, व्याख्या तपासू पाहणारा माणूसच संशयित ठरला. खटला राजद्रोहाचा होता, पण त्या कार्डाची सावली त्यावर पडायची ती पडलीच. २२ जुलैला ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. टिळक मंडालेला गेले.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य. हे दोन्ही कायदे आपल्याकडे मुक्तीनंतर आले. पहिल्याचे आजचे नियम २००८ चे असून देशभरचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. दुसराही चालू आहे. मात्र त्याखाली खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची संमती लागते, आणि ही अट मला मोलाची वाटते.

दारूवर कडक नियम हवेतच. दाट वस्तीत साठवलेली दारू शेजाऱ्याला विचारून पेटत नाही. पण कोठारावरचा पहारा आणि मनावरचा पहारा यांत अंतर राहिले पाहिजे. ते पुसले की काय होते, हे दोन पुस्तकांची नावे लिहिलेल्या त्या पोस्टकार्डाने दाखवून दिले आहे.