डिंकाची गोष्ट

कचेरी सुटल्यावर आम्ही चारदोन मराठी मंडळी इंडिया गेटकडे फिरावयास जातो. जवळच मेजर ध्यानचंदांच्या नावाचे स्टेडियम आहे. ते दिसले की कोणी तरी डिंकाची गोष्ट काढतोच : चेंडू स्टिकला चिकटलेलाच राही, म्हणून परदेशात ती मोडून पाहिली, इत्यादी. भक्ताला पुरावा लागत नाही.

आम्हांस मात्र भक्तांनी वगळलेली हकीकत अधिक मोलाची वाटते. १९३६ साली ध्यानचंद कर्णधार होऊन बर्लिनला गेले, तेव्हा ऑलिंपिकपूर्वीच्या सरावसामन्यात जर्मनांनी आपल्या संघास ४-१ असे हरविले. घाईने मायदेशाहून दारा यांना बोलावून घ्यावे लागले. डिंक कामी येत असता, तर ही धावपळ कशाला? पावसाने एक दिवस लांबलेला अंतिम सामना १५ ऑगस्टला झाला. मध्यंतरापर्यंत आपला अवघा एक गोल, पुढे सात. ८-१! साऱ्या स्पर्धेत भारतावर झालेला गोल तो एवढाच.

१९५६ साली ते लष्करातून निवृत्त झाले. पद्मभूषणही त्याच वर्षी. चाहत्यांची गोष्ट पुढेही रंगतच गेली. ३ डिसेंबर १९७९ रोजी याच दिल्लीत, इस्पितळात, त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्कार मात्र त्यांच्या झाशीत, हॉकीच्या मैदानावर झाले. राणीच्या त्या गावाशी आम्हां मराठी माणसांचे नाते जुनेच.

येथील स्टेडियमला त्यांचे नाव मिळावयास २००२ साल उजाडले.