डबल काचेत वाफ धरली? अख्खी खिडकी बदलण्याआधी हे बघा

रस्त्याचा आवाज कमी यावा म्हणून बसवलेली डबल काच काही पावसाळ्यांनंतर धुरकट दिसू लागते. फॅब्रिकेटर अख्खी खिडकी बदलायचा खर्च सांगतो. बहुतेक वेळा तेवढी गरज नसते.

आधी वाफ कुठे आहे ते बोटाने पुसून बघा. बाहेरून पुसली गेली तर एसीच्या खोलीत पावसाळ्यात तसं होऊ शकतं, तो दोष नव्हे. आतून पुसली गेली तर खोलीत दमट हवा कोंडतेय. कुठूनच पुसली जात नसेल तर दोन काचांमधलं सील गेलंय. कडेच्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात, सील सुटलं की तेही निकामी होतात. भोक पाडून वाळवणं, वरून सिलिकॉन मारणं हे तात्पुरते उद्योग. फ्रेम शाबूत असेल तर फक्त काचेची जोडी बदलून मिळते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप मिलिमीटरमध्ये, जाडी आणि मधल्या फटीसकट द्यावं. जुन्या बिलावर वॉरंटी आहे का तेही पाहावं.

पाणी आत येत असेल तर खालच्या ट्रॅकची भोकं तपासा. ती पाणी बाहेर जायलाच ठेवलेली असतात. काही जण गळती समजून बुजवतात आणि पाणी घरात घेतात! खानापूरकडची तांबडी माती तिथे हमखास साचते. बारीक तारेने काढली की पुष्कळदा काम भागतं.

पल्ला जड सरकतो? 6 मिमीच्या दोन काचा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 30 किलो, रोलर झिजणारच. ते सुटे मिळतात. पल्ला मात्र एकट्याने उतरवू नये.