अकरा मुखांची मूर्ती : कान्हेरी ते जपान



वर्धापन दिन आला की आपण विहाराला रंग देतो, तोरणं बांधतो, बुद्धमूर्ती स्वच्छ पुसून घेतो. पण मूर्ती घडवण्याची ही विद्या कुठून कुठे गेली, ती कुणाच्या हातांनी वाढली, याचा विचार आपल्याकडून सहसा होत नाही. खरं तर हा इतिहास आपल्या दाराशी आहे.

भाईंदरहून तिसरं स्टेशन बोरिवली. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. माणसं तीन नंबरचा मोठा चैत्य बघतात, त्याच्या व्हरांड्यातल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्तींपुढे हात जोडतात आणि माघारी फिरतात. ४१ नंबरच्या लेण्यापर्यंत फार थोडे जातात. तिथे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची चार हातांची, अकरा मुखांची मूर्ती आहे. मुख्य मुखाच्या वर आणखी दहा लहान मुखे रचलेली. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराची ही मूर्ती. दगडात कोरलेली अशी मूर्ती भारतात अतिशय दुर्मिळ आहे. अवलोकितेश्वर म्हणजे दुःखी जगाकडे पाहणारा. दुःख काही एकाच दिशेला नसतं, म्हणून पाहणारी मुखेही अनेक. आम्ही हे नवस करण्यासाठी सांगत नाही. करुणेसारखा विचार कारागिराने पाषाणात कसा बसवला, ते समजून घ्यावं, एवढंच.

हा विचार कान्हेरीच्या डोंगरात अडकून राहिला नाही. त्याचे ग्रंथ भिक्खूंबरोबर चीनला गेले. आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगने मायदेशी परतल्यावर, इ.स. ६५६ मध्ये, या अकरा मुखांवरच्या ग्रंथाचं चिनी भाषांतर केलं. जपानमध्ये धम्म सहाव्या शतकात कोरियामार्गे पोहोचला होता. आठव्या-नवव्या शतकांत तिथे ठिकठिकाणी अकरा मुखांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. तिकडे या बोधिसत्त्वाला ‘कान्नोन’ म्हणतात. कान्हेरीची मूर्ती आणि जपानच्या मूर्ती या एकाच झाडाच्या फांद्या आहेत.

फरक पडला तो मालात. आपल्याकडे सह्याद्रीचा पाषाण, तर जपानी कारागिराच्या हाताशी जंगलाचं लाकूड आणि एका झाडाचा चीक. बिब्बा अंगावर उततो, तसाच हा चीकही उततो. दोन्ही झाडं एकाच कुळातली. हा चीक कोरड्या हवेत नाही, दमट हवेत घट्ट होतो. साचाखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागायची, हे आमच्या गिरणीवाल्या भावांना ठाऊक आहे. तसंच त्यांनाही हवा सांभाळावी लागे. मातीच्या साच्यावर वाखाचं कापड या चिकात भिजवून थरावर थर द्यायचे, वाळल्यावर आतली माती काढून टाकायची. नारा शहरातल्या कोफुकुजी विहारात इ.स. ७३४ ची तीन मुखांची, सहा हातांची ‘असुर’ मूर्ती अशीच घडली आहे. नाव आपलं, आणि अंग कापडाचं! आतून पोकळ, वजनाला हलकी. आग लागली तर उचलून बाहेर नेता येण्यासारखी.

पुढे लाकडाचे तुकडे जोडून मोठ्या मूर्ती होऊ लागल्या. नारातल्याच तोदाईजी विहाराच्या महाद्वारावरचे दोन द्वारपाल सुमारे ८.४ मीटर उंचीचे. इ.स. १२०३ मध्ये ते अवघ्या ६९ दिवसांत उभे राहिले. उनकेई आणि काईकेई हे तिथले मोठे मूर्तिकार. पण दोघांच्या हातांनी एवढं काम होत नसतं. १९८८ ते १९९३ या काळात दुरुस्तीसाठी मूर्ती उतरवल्या, तेव्हा आतल्या लेखांत हाताखालच्या मूर्तिकारांचाही उल्लेख सापडला. कान्हेरीच्या तीन नंबरच्या लेण्यातला शिलालेखही असाच आहे. दान देणाऱ्या व्यापारी भावांबरोबर त्यात कामावर देखरेख करणारे भिक्खू आहेत आणि दगड घडवणारे, घोटाई करणारे कारागीरही आहेत. कामकऱ्याची नोंद ठेवायची, ही रीत दोन्हीकडे दिसते.

आता मुद्द्याचं सांगतो. जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठी, शिगा प्रांतात, कोगेनजी विहाराची नवव्या शतकातली अकरा मुखांची लाकडी मूर्ती आहे. १५७० च्या सुमारास तिथे लढाई पेटली, विहार जळाला. तेव्हा गावकऱ्यांनी मूर्ती जमिनीत पुरून वाचवली, असं तिथली माणसं सांगतात. आज त्या मूर्तीला चारही बाजूंनी पाहता येतं. डोक्यामागे एक मुख खदखदून हसतं आहे. समोरून येणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, तरी कारागिराने ते तेवढ्याच मन लावून कोरलं.

आणि आपण? कान्हेरीला सहलीला जातो, डबा खातो, आणि आपल्यातलाच कुणी पोरगा भिंतीवर खिळ्याने नाव कोरून येतो. ती भिंत बाराशे-पंधराशे वर्षं आपली वाट बघत उभी आहे. शेतात पुरून ठेवायची वेळ आपल्यावर आलेली नाही. नुसतं जपायचं आहे. येत्या सुट्टीत प्रत्येक कुटुंबाने मुलांना घेऊन ४१ नंबरच्या लेण्यापर्यंत चढून जावं. आधी ही अकरा मुखं मोजायला लावावीत, मग त्यांचा अर्थ सांगावा. ज्या पोराने ती एकदा मोजली, तो त्या भिंतीला खिळा लावणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!