बीईओएस चाचणी

न्यायवैद्यक मानसशास्त्रातील एक भारतीय तंत्र. पूर्ण नाव ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’. गुन्ह्याचा तपशील संशयिताने नुसता ऐकला आहे की स्वतः अनुभवला आहे, हे मेंदूतील विद्युतलहरींच्या नोंदीवरून ओळखता येते, असा या तंत्राचा दावा आहे. वृत्तपत्रे आणि पोलीस याला ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणतात. पी३०० ही जुनी व वेगळी चाचणीही त्याच नावाखाली घातली जाते. बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेत चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले सी. आर. मुकुंदन यांनी हे तंत्र विकसित केले. गांधीनगर व मुंबई येथील न्यायसहायक प्रयोगशाळांनी ते वापरात आणले.

पद्धती : संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावतात आणि त्याला शांत बसवून प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवतात. त्याने एकही शब्द बोलायचा नसतो. कोणत्या वाक्यानंतर लहरी कशा बदलल्या, यावरून संगणक ‘अनुभवजन्य स्मृती’ असल्याचा निष्कर्ष काढतो.

पॉलिग्राफशी तुलना : पॉलिग्राफ श्वासोच्छ्वास, रक्तदाब व नाडी आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता नोंदवतो. जॉन लार्सन यांनी १९२१ मध्ये बर्कले येथे असे यंत्र वापरले. खोटे बोलण्याचे असे स्वतंत्र शारीरिक लक्षण नसते. भीती, संताप किंवा अपमान यांनीही आलेख हलतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. एखाद्या ठरावीक घटनेविषयीची चाचणी निव्वळ योगायोगापेक्षा बरीच सरस, पण अचूकतेपासून बरीच दूर, असा तिचा निर्वाळा होता. सरसकट तपासणीचा धोका दाखवणारे उदाहरणही अहवालात आहे : १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर असतील आणि त्यांतले ८ पकडायचे असतील, तर सुमारे १,६०० निरपराधांवर संशयाचा शिक्का बसेल.

पॉलिग्राफचे दोष असे आकड्यांत मांडता येतात, कारण त्याची बाहेरच्यांनी तपासणी केली आहे. बीईओएसच्या बाबतीत न्यायालयात वापर आधी झाला आणि पडताळणी मागे राहिली. त्यामुळे नवे यंत्र थेट मेंदूशी भिडते म्हणून अधिक विश्वसनीय, हे अनुमान टिकत नाही. ज्या पी३०० संशोधनाच्या वाटेवर हे तंत्र उभे राहिले, तेही निर्वेध नाही. एखादी गोष्ट ओळखीची वा अर्थपूर्ण वाटली की सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर मेंदूत एक लहर उमटते. तिच्यावर आधारलेली चाचणी लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी १९९१ मध्ये मांडली. २००४ मध्ये पीटर रोझेनफेल्ड व सहकाऱ्यांनी सहभागींना असंबद्ध शब्दांच्या वेळी बोट दाबण्यासारख्या छुप्या हालचाली शिकवल्या. तेव्हा एका प्रयोगात ‘दोषी’ ओळखले जाण्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. आणखी एक अडचण भारतात विशेष गंभीर आहे. चौकशीत तेच तपशील वारंवार ऐकलेल्या निरपराधाच्या मनातही त्या घटनेचे चित्र तयार होते. या तंत्राचे समर्थक ‘ज्ञान’ आणि ‘अनुभव’ वेगळे काढता येतात असे सांगतात. हा दावा वादग्रस्त आहे.

पुणे खटला : जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने, प्रसादातून आर्सेनिक देऊन एका विद्यार्थ्याचा खून केल्याच्या आरोपावरून त्याची पूर्वीची वाग्दत्त वधू व तिचा पती यांना दोषी ठरवले. महिलेला जन्मठेप झाली. तिने चाचणीला संमती दिली होती व चाचणी मुंबईत झाली. ‘मी आर्सेनिक विकत घेतले’ अशा धर्तीची वाक्ये तिला ऐकवण्यात आली. निकाल केवळ चाचणीवर अवलंबून नव्हता, इतर परिस्थितिजन्य पुरावाही होता. तरी न्यायालयाने चाचणीच्या समर्थनार्थ नऊ पाने खर्ची घातली. खटल्याची चर्चा परदेशातही झाली. त्याच वर्षी निमहॅन्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने हे तंत्र अशास्त्रीय ठरवून त्याचा वापर थांबवण्याची शिफारस केली. ज्या संस्थेत मुकुंदन यांची कारकीर्द घडली, तिच्याच प्रमुखांचा हा अभिप्राय असल्याने त्याचे मोल अधिक आहे. पुढे उच्च न्यायालयाने दोघांनाही जामीन दिला.

न्यायिक स्थिती : मुद्रांक घोटाळ्याच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना परवानगी दिली होती. मेंदूतून मिळणारी माहिती म्हणजे ‘विधान’ नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात तो अमान्य केला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाल यांच्या पीठाने नार्को, पॉलिग्राफ व मेंदूची चाचणी यांचा एकत्र विचार केला. सक्तीची चाचणी अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आणि अनुच्छेद २१ चा भंग करते, असे पीठाने ठरवले. तोंड मिटून बसलेल्या माणसाकडूनही साक्ष काढून घेता येते, हे मान्य होणे ही या निकालाची मोठी देणगी आहे. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून ग्राह्य नाही. मात्र तिच्या मदतीने पुढे सापडलेली वस्तू वा माहिती पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३) दाखल होऊ शकते. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. कोठडीत असलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

इतर नवी तंत्रे : एफएमआरआय – मेंदूतील रक्तप्रवाहाच्या प्रतिमा. सेमराऊ खटल्यात अमेरिकी न्यायालयाने २०१० मध्ये असा पुरावा नाकारला. २०१२ मध्ये अपिलातही तो निर्णय कायम राहिला. नेत्रनिरीक्षण – बाहुलीचा आकार व वाचनाची गती मोजतात. स्वरताण विश्लेषण – ओक्लाहोमातील तुरुंगात अलीकडच्या अमली पदार्थसेवनाविषयी कैद्यांना प्रश्न विचारून उत्तरे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली, तेव्हा खोटे बोलणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्केच या यंत्रांना ओळखता आले.