मुंबईचें मैदान आणि त्याचे वाटेकरी

दक्षिण मुंबईचा नकाशा पुढ्यांत घेतला असतां बोरीबंदरापासून कुलाब्याच्या तोंडापर्यंत हिरव्या रंगाचा एक तुटक पट्टा दिसतो. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज अशीं त्याच्या तुकड्यांचीं आज निरनिराळीं नांवें आहेत. पूर्वीं हें सर्व मिळून एकच मैदान होतें व इंग्रज लोक त्यास एस्प्लनेड म्हणत. एकाचीं चार मैदानें कशीं झालीं हें सांगण्यास रस्त्यांचा इतिहास पुरेसा आहे. परंतु ह्या मैदानाचे आणखी एक प्रकारचे वाटे पडले. ते नकाशांत दिसत नाहींत, आणि त्यांचा आरंभ झाला तो क्रिकेट व पोलो ह्या दोन खेळांच्या भांडणांतून. खेळाचें भांडण म्हणजे पोरकट गोष्ट, असें समजून कोणीं पान उलटूं नये. रामचंद्र गुहा यांनीं क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या ग्रंथांत (२००२) ह्या प्रकरणास मानाची जागा दिली आहे, आणि ती यथायोग्य आहे असेंच आम्हांस वाटतें.

प्रथम हें मैदान झालें कसें तें पाहूं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. साष्टी मराठ्यांच्या हातीं गेली, आणि मुंबईच्या किल्ल्यांतील इंग्रजांस धडकी भरली. तटाभोवतीं खंदक खणण्याचें काम निघालें. त्यासाठीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये वर्गणी दिली. तोफांचा मारा अडूं नये म्हणून तटाबाहेरील नारळीचीं झाडें तोडून व घरें पाडून जागा मोकळी करण्याचा क्रम सुरू झाला. १८०३ सालीं कोटांत मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी जागा आणखी वाढविण्यांत आली, आणि उठविलेली वस्ती उत्तरेस सरकून दाट झाली. म्हणजे ज्या हिरवळीवर आज मुंबईकर सायंकाळीं मोकळा श्वास घेतो, ती जागा मराठ्यांच्या धास्तीनें मोकळी झाली! वाचकांस ह्याचा अभिमान वाटला तर आमची हरकत नाहीं. मात्र ती मोकळी करतांना ज्यांचीं घरें गेलीं त्यांचीहि आठवण त्याबरोबरच असावी.

१८१८ नंतर ह्या बाजूनें शत्रु येण्याचें भय उरलें नाहीं, आणि तोफांसाठीं राखलेली जागा माणसांच्या उपयोगास आली. उन्हाळ्यांत युरोपियन लोक तेथें तंबू व हंगामी बंगले उभारीत आणि पावसाळ्यापूर्वीं ते काढून नेत. लष्कराची कवाईत तेथेंच होई. शहरांतील लोकांचीं गुरें तेथें चरत, आणि पारशी मंडळी संध्याकाळीं समुद्राच्या बाजूस प्रार्थनेस जात. गुरांच्या बाबतींत एक गोष्ट सांगतात. १८३८ सालीं सरकारनें तेथें चराईवर पट्टी बसविली. ती गरिबांस झेपेना, तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं पदरचे २०,००० रुपये घालून ठाकुरद्वाराजवळ समुद्राकडची गवताळ जमीन घेतली व ती गुरांस फुकट खुली केली. चर्नी रोड हें नांव त्या चरणीवरून पडलें असा एक पक्ष आहे. व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सामायिक जागेंत कोणास अडचण झाली म्हणजे ती अडचण तेथेंच न सोडवितां, अडलेल्यास दुसरीकडे निराळी जागा देऊन वाटेस लावावयाचें, ही पद्धत मुंबईंत इतकी जुनी आहे.

१८६२ सालीं सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आले. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव चढला होता व शहरांत पैशाचा पूर आला होता. फ्रियर साहेबांनीं कोटाच्या भिंती पाडविल्या. मग मैदानाच्या कडेनें सचिवालय (१८७४), उच्च न्यायालय व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा (दोन्ही १८७८) अशा भव्य इमारती समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मधून रस्ते गेले आणि मैदानाचे तुकडे पडले. ह्या तुकड्यांपैकीं उत्तरेकडील, म्हणजे आजच्या आझाद मैदानाचा, भाग कवाईतीचें मैदान म्हणून ओळखला जाई. आमच्या कथेचें स्थळ तें.

क्रिकेटचें वेड हिंदी लोकांत प्रथम शिरलें तें पारशांत. ओरिएंटल क्रिकेट क्लब हा त्यांचा पहिला क्लब १८४८ चा. प्रभु ज्ञातीच्या तरुणांनीं १८६६ च्या सुमारास हिंदूंचा पहिला क्लब काढला, आणि मग जातीजातींचे व प्रांताप्रांतांचे क्लब निघाले. ह्या सर्वांस घर नव्हतें व मंडप नव्हता. जेथें जागा सांपडेल तेथें यष्ट्या ठोकावयाच्या, आणि शेजारच्या डावांतील चेंडू आपल्या डावांत आला तर परत फेंकावयाचा. १८७५ सालीं युरोपियन लोकांनीं बाँबे जिमखाना काढला. त्यास मैदानाच्या दक्षिण टोंकास जागा मिळाली व तिला कुंपण पडलें. आंत हिंदी माणसास प्रवेश नव्हता, तो नोकर असेल तरच. येथपर्यंतहि कोणीं फारशी तक्रार केली नसती. परंतु जिमखान्याच्या मंडळींस पोलोची आवड होती, आणि पोलो आपल्या राखीव हिरवळीवर खेळल्यास हिरवळ खराब होते हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. म्हणून ते आठवड्यांतून दोन दिवस कुंपणाबाहेर, हिंदी पोरांच्या क्रिकेटच्या जागेवर, घोडे घालीत.

घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडली म्हणजे काय होतें तें क्रिकेट खेळलेल्यास सांगावयास नको. टप्पा पडलेला चेंडू कोठें उसळेल ह्याचा नेम राहात नाहीं. गोलंदाजाचें कसब व्यर्थ जातें आणि फलंदाजाच्या बरगड्या मात्र शेकतात. ऑक्टोबर १८८१ मध्यें शापुरजी सोराबजी ह्या पारशी गृहस्थाच्या पुढाकारानें ४६० जणांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरांकडे गेला. अर्जाची भाषा अत्यंत अदबीची व मागणी अत्यंत माफक होती. आमची जागा टापांखालीं खराब होते. पोलोची मंडळी थोडी व आम्ही शेंकडों. त्यांस स्वतःची राखीव जागा असून ती ते जपतात. तर पोलो कूपरेजवर न्यावा. (कूपरेज म्हणजे पूर्वीं पिंपें बनविणाऱ्यांची जागा होती.) जिमखान्याचें कुंपण काढावें असें त्यांनीं म्हटलें नव्हतें, आणि आम्हांस आंत घ्या असेंहि म्हटलें नव्हतें. कुंपणाबाहेरचें तरी सर्वांचें राहूं द्या, एवढेंच.

१८८२ सालीं सरकारनें त्यांच्यासारखा निकाल दिला आणि पोलो हलविण्यास सांगितलें. मैदानांत आनंद झाला असेल. पण तो टिकला नाहीं. जिमखान्याच्या सभासदांनीं आपलें गाऱ्हाणें मांडलें, आणि तें मांडण्यास त्यांस अर्जाचा खटाटोप फारसा करावा लागला नसावा, कारण गाऱ्हाणें मांडणारे व तें ऐकणारे एकाच टेबलाशीं जेवणारे होते. पुढच्याच वर्षीं निकाल फिरला व घोडे परत आले. शापुरजींनीं मात्र पिच्छा सोडला नाहीं. अर्जामागून अर्ज जात राहिले. १८९७ सालीं त्यांनीं पारशी क्रिकेटचा वृत्तांत छापला, आणि पुस्तकाच्या नांवांतच पोलोविरुद्ध क्रिकेटच्या झगड्याचा उल्लेख केला. वस्तुतः ह्या पुस्तकांत खेळाच्या विजयांचें वर्णन करण्यास पुष्कळ वाव होता, कारण १८९० च्या जानेवारींत पारशांनीं व्हर्नन साहेबांच्या विलायती संघास जिमखान्याच्याच मैदानावर हरविलें होतें. तरी ग्रंथकर्त्यास पोलोचें दुखणें त्याच्या तोडीचें वाटलें, ह्यांत त्याची शहाणीव दिसते.

आतां सरकारनें हा प्रश्न कसा मिटविला तें पाहण्यासारखें आहे. पोलो हलविण्याऐवजीं अर्जदार हलविले. समुद्रांत भर घालून केनेडी सी फेस नांवाचा किनाऱ्याचा पट्टा तयार झाला होता. पारशी जिमखाना १८८५ सालीं स्थापन झाला होता. त्यास १८८७ सालीं तेथें जागा मिळाली. ती पाहून मुसलमान मंडळींनीं मागणी केली व १८९२ सालीं इस्लाम जिमखाना झाला. १८९४ सालीं हिंदु जिमखाना झाला. ह्या वेळीं गव्हर्नर होते लॉर्ड हॅरिस, स्वतः नामांकित क्रिकेटपटू. त्यांचें धोरण त्यांच्या एका टिपणांत स्पष्ट दिसतें. त्याचा आशय असा कीं, प्रत्येक ‘राष्ट्रजाती’चा एक प्रतिष्ठित जिमखाना झाला म्हणजे पुढें कोणास जागा द्यावयाची नाहीं, जो मागेल त्यास सांगावयाचें कीं तुझ्या जातीसाठीं जागा ठेवलेली आहे, तिच्या क्लबांत जा. टिपण लिहिणाराच्या मनांत कांहीं दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. अर्जांचा ढीग कमी करण्याची ही कारकुनी युक्ति असावी. पण शहाणा कारभारी कधीं कधीं एका ओळींत जें करून ठेवतो तें लढायांनींहि होत नाहीं. १८८१ च्या अर्जावर सही करणारे ४६० जण एका मैदानाचे क्रिकेटपटू म्हणून सरकारकडे गेले होते. दहाबारा वर्षांत त्यांचे पारशी, मुसलमान व हिंदु असे तीन वाटेकरी झाले, आणि चौथा वाटा कुंपणांत आधींच होता.

जमिनीचे वाटे पडले तसे सामन्यांचेहि पडले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने होऊं लागले; १९०७ सालीं हिंदु येऊन तिरंगी झाली, १९१२ सालीं मुसलमान येऊन चौरंगी, आणि १९३७ सालीं ‘इतर’ म्हणून जे उरले ते येऊन पंचरंगी. मुंबईकरांस ह्या सामन्यांचें जें वेड होतें त्याचें वर्णन घराघरांतील वृद्धांच्या तोंडून ऐकिलेलें आहे, आणि त्यांतील रंगत खोटी नव्हती. परंतु ज्या वर्षीं पंचरंगी झाली त्याच वर्षीं नव्या ब्रेबोर्न स्टेडियममध्यें कोणत्या जिमखान्यास किती आसनें द्यावयाचीं ह्यावरून तंटा होऊन हिंदु संघ सामन्यांतून बाहेर राहिला. मैदानाच्या वाट्यांवरून सुरू झालेलें भांडण खुर्च्यांच्या वाट्यांपर्यंत आलें. १९४० सालीं गांधीजींनीं जातवार सामन्यांविरुद्ध मत दिलें, आणि १९४६ सालीं ते बंद झाले.

वाट्यांत आणखी वाटे असतात हेंहि येथें सांगितलें पाहिजे. हिंदूंचा संघ ज्याच्या गोलंदाजीवर वर्षानुवर्षें उभा होता तो बाळू पालवणकर चांभार समाजांतील. पुण्यास हिंदु संघांतून खेळतांना चहाच्या वेळीं त्यास बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा देत. त्यास कर्णधारपद कधींच मिळालें नाहीं. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ सालीं कर्णधार झाला तेव्हां कोठें ती कोंडी फुटली. म्हणून आमच्या लोकांनीं इंग्रजांच्या कुंपणाबद्दल बोलतांना आवाज थोडा बेतानें चढवावा.

वाटे पडले तरी उरलेलें मैदान ओस पडलें नाहीं. १९३० च्या सत्याग्रहांत एस्प्लनेडवर लोक जमले, लाठ्या खाल्ल्या, आणि आझाद मैदान हें नांव त्या काळापासूनचें आहे. १९३३ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना झाला तो कुंपणाआंतल्या जिमखान्यावर. कुंपणाबाहेर एकमेकांस खेटून आंखलेल्या खेळपट्ट्यांवर शाळांचे सामने चालूच होते. त्यांतील ढालीस नांव लॉर्ड हॅरिस यांचेंच आहे, आणि १९८८ सालीं तेंडुलकर व कांबळी ह्या दोन शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची भागी केली ती ह्याच ढालीच्या सामन्यांत. ओव्हलची दशा मात्र मध्यंतरीं फार वाईट झाली होती. १९९० च्या दशकांत तेथील रहिवाशांच्या मंडळानें न्यायालयांत जाऊन मैदानाची निगा राखण्याचें काम मिळविलें. कुंपण आलें, दारें आलीं, रात्रीं कुलूप लागूं लागलें. २०१८ सालीं ओव्हलच्या दोहों बाजूंच्या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेल्या. मैदान सुंदर झालें ह्यांत शंका नाहीं. रात्रीं तेथें पाठ टेकणारे कोठें गेले हें आम्हीं कोठें वाचलेलें नाहीं.

ह्या सर्व प्रकरणांत आम्हां मराठी मध्यमवर्गीयांची भूमिका अर्जदाराची किंवा प्रेक्षकाची. दादरास मात्र आम्ही रहिवासी झालों. तेथील मैदान महापालिकेनें १९२५ सालीं खुलें केलें, आणि १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. तेथें क्रिकेट वाढलें, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा झाल्या, १९६६ पासून शिवसेनेचा दसरा मेळावा होऊं लागला, आणि चैत्यभूमि जवळ असल्यामुळें डिसेंबरांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या लाखों लोकांचा तेथेंच मुक्काम पडतो. भोवतालच्या घरांतील लोकांस कर्ण्यांचा त्रास होई तो खरा होता. आजारी माणूस व परीक्षेस बसलेलें मूल घरांत असतां मध्यरात्रीपर्यंत भाषणें ऐकावीं असें कोण म्हणेल? रहिवाशांनीं उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि २०१० सालीं मैदान शांतता क्षेत्र ठरलें. २६ जानेवारी, १ मे व ६ डिसेंबर ह्या दिवसांस न्यायालयानें अपवाद केला.

१८८१ चा अर्ज व हा अर्ज शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे एक फरक जाणवतो. पहिल्या अर्जदारांच्या घरांच्या खिडक्या मैदानाकडे नव्हत्या. ते लांबून चालत येत, आणि आम्हांसही येथें जागा असूं द्या असें म्हणत. दुसऱ्या अर्जदारांच्या खिडक्या मैदानाकडेच आहेत. म्हणून त्यांचें म्हणणें चुकीचें ठरत नाहीं. परंतु ज्याची खिडकी मैदानाकडे नाहीं त्याचें म्हणणें न्यायालयांत कोण मांडणार, हा प्रश्न न्यायाधीशांपुढेंही थोडाबहुत आला असावा, नाहीं तर ६ डिसेंबर हा दिवस त्या अपवादांत आला नसता. त्या दिवशीं मैदानावर तंबू पडतात, पुस्तकांचीं दुकानें मांडलीं जातात, आणि रोज पहांटे भोवतालच्या कट्ट्यावरून फेरी घालणाऱ्या मंडळींस वाट काढीत चालावें लागतें.