उद्यान व मनोरंजन व्यवस्थापन शिक्षण

सार्वजनिक उद्याने, क्रीडांगणे, पोहण्याचे तलाव, वनविहाराची स्थळे इत्यादींची आखणी, निगा व लोकांकडून होणारा उपयोग यांविषयीचे महाविद्यालयीन शिक्षण. ते मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाले. जमीन राखणारे आणि लोकांना खेळविणारे अशा दोन भिन्न व्यवसायांच्या संयोगातून ही विद्याशाखा निर्माण झाली.

पहिला व्यवसाय उद्यान-अधीक्षकांचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा १८५८ मध्ये निवडला गेला. पुढे अनेक शहरांनी मोठी उद्याने उभारली. तेथील अधीक्षक प्रत्यक्ष कामातूनच शिकत. न्यू इंग्लंडमधील अधीक्षकांची संघटना १८९८ मध्ये स्थापन झाली. दुसरा व्यवसाय क्रीडांगण-चळवळीतून आला. बॉस्टन येथे १८८५ मध्ये मुलांना खेळण्यासाठी वाळूचे ढीग उपलब्ध करून देण्यात आले, ही या चळवळीची सुरुवात मानली जाते. अमेरिकन क्रीडांगण संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली. केवळ मोकळी जागा पुरेशी नसून प्रशिक्षित मार्गदर्शकही हवा, या विचाराने तिने १९०९ मध्ये क्रीडामार्गदर्शकांसाठी अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. याच संघटनेने १९२६ मध्ये पदवीधरांसाठी सुरू केलेले राष्ट्रीय मनोरंजन विद्यालय १९३५ पर्यंत चालले.

महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनांतून उद्याने व क्रीडांगणे बांधली गेली आणि ती चालविणाऱ्यांची गरज वाढली. या विषयाच्या महाविद्यालयीन प्रशिक्षणासंबंधी मिनेसोटा विद्यापीठात १९३७ मध्ये परिषद भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक विद्यापीठांत हा विषय शिकविला जाऊ लागला. कोठे तो शारीरिक शिक्षणाशी, तर कोठे वनविद्येशी जोडलेला होता. १९६५ मध्ये पाच संघटनांच्या विलीनीकरणातून राष्ट्रीय मनोरंजन व उद्यान संघटना अस्तित्वात आली आणि दोन्ही परंपरा एकत्र आल्या. १९७० नंतरच्या दशकात अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देण्याची पद्धत सुरू झाली. नियोजन, अंदाजपत्रक, कायदा, सुरक्षितता, वनस्पतींची निगा, कार्यक्रमांचे आयोजन व प्रत्यक्ष क्षेत्रकार्य हे त्यांतील प्रमुख भाग होत.

या शिक्षणाला दोन प्रश्न सतत भेडसावत आले आहेत. पहिला, उपयोग व रक्षण यांच्या मेळाचा. १९१६ च्या राष्ट्रीय उद्यान सेवा अधिनियमाने लोकांना आनंद मिळावा, पण निसर्ग पुढील पिढ्यांसाठी अबाधित राहावा, अशी दुहेरी जबाबदारी घातली. एखादे स्थळ किती वावर सोसू शकेल, याचा विचार जे. ॲलन वॅगर यांनी १९६४ मध्ये मांडला. केवळ माणसे मोजून हा प्रश्न सुटत नाही. कोणते बदल चालतील हे आधी ठरवावे लागते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

दुसरा प्रश्न, उद्यान कोणाचे, हा होय. दक्षिणेकडील अनेक शहरांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या उद्यानांत प्रवेश नसे. क्रीडांगण संघटनेने १९२० मध्ये अर्नेस्ट ॲटवेल यांच्याकडे कृष्णवर्णीय वस्त्यांतील कार्याचा वेगळा विभाग सोपविला. त्यामुळे तेथे सोयी वाढल्या, परंतु विलगता टिकून राहिली. मेंफिस शहराने उद्याने क्रमाक्रमाने खुली करण्यासाठी मुदत मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ती नाकारली. उद्यानाची निगा उत्तम असली, तरी त्याचे दार कोणासाठी उघडे आहे, हाही व्यवस्थापनाच्याच अभ्यासाचा विषय आहे, हे या निर्णयाने अधोरेखित केले.